सशाच्या पेशीतले पहारेकरी

ओळखपाळख नसलेला जंतू अंगात शिरला, तरी शरीर काही तासांतच सावध होतं. हे काम पेशींतल्या ग्राही प्रथिनांचं, म्हणजे पहारेकऱ्यांचं. त्यांतलं ‘टोल’ घराणं मोठं नामांकित. त्यातल्या एकाला जिवाणूचं आवरण कळतं, दुसऱ्याला त्याची शेपटी, तिसऱ्याला विषाणूचा आरएनए. या घराण्याची चालू जनुकं माणसात 10, उंदरात 12. उंदराचं दहावं जनुक एका पुरातन विषाणूच्या घुसखोरीनं मोडलं. अकराव्याचे आपल्याकडे नुसते अवशेष उरलेत. म्हणूनच उंदरावरचा निष्कर्ष माणसाला सरसकट लावला, की मला जरा धाकधूक वाटते.

जंतूविरुद्धची ही यंत्रणा पिढ्यांगणिक कशी बदलते, ते आता सशात पाहू. ऑस्ट्रेलियात 1950 साली उपद्रवी सशांवर मिक्झोमा विषाणू सोडला गेला. डासांनी तो पसरवला. सशांचे डोळे सुजून मिटायचे, आणि लागण झालेल्या शंभरांतले नव्व्याण्णव मरायचे. पण वाचलेल्यांची पिलावळ पुढे दाद देईना. 2019 मध्ये संशोधकांनी ही साथ पोहोचलेल्या ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि फ्रान्समधल्या सशांचा डीएनए संग्रहालयांतल्या साथीपूर्वीच्या सशांशी ताडून पाहिला. त्यांत चक्क डार्विनच्या संग्रहातलाही एक ससा होता! तिन्ही देशांत बऱ्याच अंशी तेच बदल दिसले. त्यांतला एक इंटरफेरॉनच्या जनुकातला. पहारेकऱ्यानं शत्रू ओळखला, की शेजारच्या पेशींना हाळी देणारं हे प्रथिन. गंमत म्हणजे, यातले बहुतेक बदल साथीआधीच काही सशांत होते. साथीनं त्यांची संख्या वाढवली.

विषाणूही स्वस्थ बसला नाही. त्याचे नंतरचे काही प्रकार सशाची प्रतिकारशक्तीच दाबून टाकतात.