व्यवसायाची निवड आणि सातवे व्रत
(व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सव हा कृतज्ञतेचा सोहळा असतो, तसाच तो पुढील पिढीची चिंता वाहण्याचाही प्रसंग असतो. प्रवरेच्या खोऱ्यात, भंडारदऱ्याच्या वाटेवर वसलेल्या राजूरसारख्या गावात दरवर्षी जून महिना उजाडला की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो. मुलाने कोणती शाखा घ्यावी? मुलीने संगमनेरला जावे, नाशिकला की पुण्याला? दुकान कोण सांभाळणार? गुणपत्रिका पाहिली जाते, शुल्काचा हिशेब होतो, नात्यातील कोण किती पगार घेतो याची चौकशी होते. मात्र ज्याचे आयुष्य ठरवायचे आहे त्याला कोणत्या गोष्टी प्राणापलीकडे मोलाच्या वाटतात, हे विचारायचे राहून जाते. व्यवसायाची निवड ही बुद्धीची आणि पैशाची बाब मानली जाते. वस्तुतः ती आधी मूल्यांची बाब आहे.

ही काही परक्या विद्येची शिकवण नव्हे. श्रावकाच्या बारा व्रतांपैकी सातवे व्रत उपभोग-परिभोगाच्या परिमाणाचे. त्या व्रताच्या अतिचारांत पंधरा कर्मादाने सांगितली आहेत आणि प्रतिक्रमण करणारा प्रत्येक श्रावक ती उच्चारतो. इंगालकर्म म्हणजे कोळसा पाडणे, वनकर्म म्हणजे जंगलतोडीचा धंदा, दंतवाणिज्य म्हणजे हस्तिदंताचा व्यापार, रसवाणिज्य म्हणजे मद्यादिकांचा व्यापार, विषवाणिज्य म्हणजे विषाचा व्यापार, सरःशोष म्हणजे तळी-सरोवरे आटविणे. उपजीविका कशाने करू नये, याची इतकी तपशीलवार यादी करून ती व्रतात गोवणारी ही परंपरा आहे. संवत्सरीला ती यादी भक्तिभावाने म्हटली जाते, परंतु मुलाच्या शिक्षणाचा निर्णय घेताना ती आठवत नाही. सूत्र स्थानकात आणि निर्णय दुकानात, अशी ही फारकत आहे.

या यादीत गाड्या बनविणे आणि गाड्या भाड्याने देणे हीदेखील कर्मादाने आहेत. आज ती अक्षरशः पाळायची म्हटली तर कित्येक घरांचा चरितार्थ थांबेल. म्हणून या यादीमागील विचारपद्धती ओळखली पाहिजे. प्रत्येक धंद्याकडे पाहताना तेथे एकच प्रश्न विचारलेला आहे: या कमाईची झळ कोणाला बसते? झाडाला, पाण्याला, मुक्या जनावराला की असहाय माणसाला? नफा किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

दुसरा दाखला उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाचा. वाणिज्यग्रामचा हा गाथापती गर्भश्रीमंत होता. चार कोटी सुवर्णमुद्रा निधानात, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरवैभवात आणि प्रत्येकी दहा हजार गाईंची चार गोकुळे. भगवान महावीरांच्या चरणी व्रते स्वीकारताना त्याने व्यापार सोडला नाही, तर आपल्या परिग्रहाची मर्यादा उच्चारली. ‘किती मिळाले म्हणजे पुरे’ याचे उत्तर ज्याच्यापाशी तयार असते, त्याला काम निवडण्याचे स्वातंत्र्य लाभते. ज्याच्यापाशी ते नसते, त्याला मोठा पगार देणारा कोणीही विकत घेऊ शकतो. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात सद्गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले. त्यांतही अग्रस्थान न्यायाने मिळविलेल्या धनाला आहे.

शास्त्रातील हा विचार प्रत्यक्ष आयुष्यात कसा उतरतो, हे पाहायचे तर कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र डोळ्यांपुढे आणावे. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्याचा आग्रह झाला, तो त्यांनी मानला नाही आणि बोर्डिंग सोडावे लागले. पुढे १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण गाजले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांचा छळ झाला. ज्या बोर्डिंगातून त्यांना बाहेर पडावे लागले, त्याच्याच कारभाराशी लठ्ठे यांचा निकटचा संबंध होता. सूड उगवण्याची संधी चालून आली होती. भाऊरावांनी यातना सोसल्या, पण साक्ष दिली नाही.

या काळात त्यांचा ‘करिअर’ म्हणावा असा कोणताही मार्ग ठरलेला नव्हता. त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या, किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी गावोगाव पायपीट केली, ओगले काच कारखान्याचे काम केले. मात्र दोन नकारांतून त्यांची मूल्ये स्पष्ट झाली होती. एक, माणसामाणसांत विटाळ मानायचा नाही. दोन, स्वार्थासाठी असत्य बोलायचे नाही. नांगर विकताना शेतकऱ्याचे अज्ञान रोज समोर दिसत होते. या सर्वांचा मेळ बसला आणि १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहू, जेवू लागली. त्यांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. आज या संस्थेच्या शाखा सातशेहून अधिक आहेत आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांची पहिली शिकलेली पिढी तिच्याच शाळांतून घडली आहे.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भाऊरावांनी आधी मूल्यांची यादी लिहून मग व्यवसाय शोधला नाही. नुकसान होत असतानाही जे करणे त्यांना जमले नाही, त्यातून त्यांची मूल्ये त्यांना कळली. माणसाची खरी मूल्ये त्याच्या भाषणात नसतात, ती त्याच्या नकारांत असतात.

मूल्ये असली म्हणजे प्रत्येकाने शिक्षक वा समाजसेवकच व्हावे, असेही नाही. याच जिल्ह्यातील फिरोदिया घराणे त्याची साक्ष देते. कुंदनमल फिरोदिया हे नगरचे नामांकित वकील. ते स्वातंत्र्य चळवळीत उतरले आणि १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. त्यांचे पुत्र नवलमल फिरोदिया यांनीही स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगला आणि पुढे ते उद्योगात गेले. माणसाने माणसाला ओढून नेण्याच्या कष्टांना पर्याय म्हणून ऑटोरिक्षा रस्त्यावर आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पित्याचे क्षेत्र न्यायालय आणि विधिमंडळ, पुत्राचे कारखाना. क्षेत्रे निराळी, परंतु कामाचा रोख सामान्य माणसाकडेच. शाखा बदलली म्हणून संस्कार बदलत नाहीत, हे पालकांनी यातून जाणावे.

आता एक कटू परंतु आवश्यक उल्लेख. राजूर ज्या अकोले तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे इंग्रजी सत्तेविरुद्ध आणि सावकारी जाचाविरुद्ध लढले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या कारागृहात त्यांना फाशी झाली. त्यानंतर १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. त्या सावकारांत मारवाडी आणि गुजराती व्यापारी मोठ्या संख्येने होते. अखेर १८७९ साली सरकारला दख्खन शेतकरी संरक्षण कायदा करावा लागला. व्यापार हा दोष नव्हे. आदिवासी डोंगरखोऱ्यात मीठ-मिरची, कापड आणि धान्य पोहोचविणारा दुकानदार ही गावाची गरजच असते. परंतु तराजू आणि वही यांतून मूल्य निसटले की पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास जळून जातो, हा या इतिहासाचा धडा आहे.

हा धडा जुना झालेला नाही. समजा, राजूरचा एखादा बुद्धिमान तरुण संगणकशास्त्र शिकला आणि त्याला मोबाईलवरून तातडीची कर्जे देणाऱ्या कंपनीत भरघोस पगाराची नोकरी चालून आली. कर्ज घेणाऱ्याच्या अडचणीवर अवाच्या सवा आकारणी करायची आणि हप्ता थकला की त्याच्या नातलगांना धमकावायचे, अशी त्या कंपनीची रीत असेल, तर वही गेली आणि पडदा आला, एवढाच फरक. त्या तरुणाच्या घरी आई-वडिलांवर औषधपाण्याचा खर्च आहे, बहिणीचे शिक्षण आहे. कुटुंबाप्रती कर्तव्य हेही मूल्यच आणि अहिंसा हेही मूल्यच. दोन्हींचा संघर्ष होतो तेव्हा एकट्या तरुणाच्या खांद्यावर सारा भार टाकणे अन्यायाचे आहे. कमी पगाराची सरळ नोकरी त्याने पत्करली, तर घराने खर्चाची मर्यादा स्वीकारावी आणि समाजाने त्याला लग्नाच्या बाजारात कमी लेखू नये. मूल्य जपण्याची किंमत सर्वांनी वाटून घेतली, तरच ते टिकते.

म्हणून शाखा ठरविण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने एखाद्या सायंकाळी, सामायिकानंतरच्या शांत मनाने, वहीत चार उत्तरे लिहावीत. तोटा होत असूनही कोणत्या गोष्टीला आजवर नकार दिला? कोणाचे दुःख पाहून हात आपोआप पुढे होतो? किती मिळाले म्हणजे पुरे? आणि जे काम करावयाचे मनात आहे, त्याची झळ कोणाला बसेल? ही वही वर्षाने पुन्हा उघडावी. जी उत्तरे टिकली असतील, ती मूल्ये समजावीत. जी बदलली असतील, ती हौस किंवा इतरांची अपेक्षा होती, असे जाणावे.

पालकांनीही हीच चार उत्तरे लिहून मुलांना दाखवावीत. दुकान मुलाने चालवावे की नाही, यापेक्षा दुकानातील सचोटी त्याच्याबरोबर जाते की नाही, हा प्रश्न मोठा आहे. ती सचोटी मुलीने वकिलीत नेली, मुलाने रुग्णालयात नेली किंवा कोणी राजूरच्याच पेढीवर जपली, तर वारसा चाललाच. गादी रिकामी झाली तरी वारसा चालू राहू शकतो. गादी भरलेली असूनही तो खंडित होऊ शकतो.

विश्वस्त मंडळास एक नम्र सूचना. शिष्यवृत्ती देताना गुणांबरोबर या चार उत्तरांवरही विद्यार्थ्याशी दोन घटका बोलावे. त्यासाठी निधी लागत नाही. वडीलधाऱ्यांचा वेळ लागतो. सातव्या व्रताचा उच्चार पुढील संवत्सरीला होईल, तेव्हा त्या पंधरा शब्दांशी घरातील एकेका मुलामुलीचा निर्णय जोडला गेलेला असावा, हीच या सुवर्णमहोत्सवी वर्षात जिनेश्वर चरणी प्रार्थना.

अस्तु. जय जिनेन्द्र.