युरिया पाण्याबरोबर द्यायचा, पण कोणत्या पाण्याबरोबर?



पाऊस गेल्यावर विहिरीत उरलेल्या पाण्यावर पऱ्हाटीला एखाददुसरं ओलीत देणारे इथं बरेच बसले आहेत. आज त्यांच्याशीच बोलायचं आहे.

आम्ही वर्षानुवर्षं काय केलं? सऱ्यांत युरिया फेकला आणि वरून पाणी सोडलं. पंधरा दिवसांनी पाहावं तर सरीच्या तोंडाशी पऱ्हाटी पिवळी, शेपटाला नुसती माजलेली आणि तिच्यावर तुडतुडे. आम्ही बियाण्याला शिव्या दिल्या. चूक आमची होती. विरघळलेला युरिया सुरुवातीचे काही दिवस मातीला धरून राहत नाही, पाणी नेईल तिकडे जातो. त्यात आपल्या काळ्या रानाला भेगा. पहिलं पाणी भेगांतून मुळांच्याही खाली उतरतं आणि खतही घेऊन जातं.

म्हणून आता आम्ही खत ड्रममध्ये विरघळवतो. एकरी एक गोणी द्यायची आणि एकर चार खेपांत भिजत असेल, तर खेपेला पाव गोणी, म्हणजे साधारण ११ किलो. (२०१८ पासून गोणी ५० ची ४५ किलोची झाली. तिच्यात नत्र २३ किलो नाही, २०.७ किलोच आहे. हिशेब जुना धरू नका.) २०० लिटरचा ड्रम पाटाच्या तोंडाशी ठेवा. सरीचं शेपूट मातीनं बांधा. पहिलं पाणी कोरंच जाऊ द्या. पाणी अर्ध्या सरीपुढं गेलं की तोटी उघडा. ड्रम तासाभरात संपवायचा तर तोटीखाली १५ लिटरची बादली साडेचार मिनिटांत भरली पाहिजे. शेवटी थोडा वेळ पुन्हा कोरं पाणी. मध्येच लाईट गेली, आणि ती जातेच, तर आधी तोटी बंद करायला पळा.

ज्वारीलाही रीत हीच. स्फुरद मात्र पाण्यातून देऊ नका, तो पडेल तिथंच मातीत अडकतो. तो पेरणीलाच द्यावा. विहीर नसलेल्यांनी पावसाच्या ओलीवर युरिया देऊन लगेच डवऱ्यानं झाकावा.

पंपाच्या ओढ नळीतून खत ओढायचा शहाणपणा करू नका, पंप थांबला की ते विहिरीत उतरतं. आणि युरियाचं पाणी प्यायलेला बैल काही तासांत दगावू शकतो. ड्रमवर झाकण ठेवा, आणि पाटातलं पाणी कोरं होईपर्यंत तिथं माणूस उभा करा.