अ‍ॅप आणि सर्व्हर : दिसणारे काम व न दिसणारे काम
(बजाजनगर येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मी केवळ मॅट्रिक झालेला निवृत्त शिक्षक. संगणकावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु माझी धाकटी कन्या सर्व्हरच्या देखभालीचे काम करते. तिने जे समजावून दिले, तेच आपणांपुढे मांडतो.

आपल्या बहुतेक मुलांना मोबाइलचे अ‍ॅप तयार करावे असे वाटते. ते काम सोपे नव्हे. लहान पडदा, मर्यादित बॅटरी आणि नाना प्रकारचे हँडसेट सांभाळावे लागतात. अँड्रॉइडची नवी आवृत्ती बहुधा दरवर्षी येते व जुने अ‍ॅप पुन्हा तपासावे लागते. मात्र केलेले काम चारचौघांस दाखविता येते.

सर्व्हरच्या कार्यप्रणालीचा धर्म निराळा. एकाच वेळी हजारोंची मागणी पुरवावयाची, कोणास काय पाहू द्यावयाचे ते ठरवावयाचे आणि अखंड चालू राहावयाचे. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीस म्हणूनच पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयने आपण वाण्याचे पैसे देतो, तेव्हा अ‍ॅप केवळ आपली आज्ञा पोहोचविते. पैसे वळते होतात ते दूरच्या सर्व्हरांवर.

तरीही या दोहोंचे मूळ एकच आहे. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आरंभिलेले लिनक्स असंख्य सर्व्हर चालविते. अँड्रॉइडचा गाभाही तेच. तेव्हा यांत उच्चनीच कसले? पाल्याचा स्वभाव पाहून मार्ग निवडावा.

वाळूजच्या बजाज कारखान्यात १९८५ पासून गाड्या तयार होत आहेत. गाडीचे कौतुक रस्त्यावर होते. रात्रपाळीत यंत्रे सांभाळणाऱ्यास कोणी विचारीत नाही, हे आपणांस ठाऊक आहे. असे असता माझ्या कन्येची दोन स्थळे 'मुलगी रात्री कामावर असते' एवढ्याच कारणावरून परत गेली. ज्यांनी स्वतः तीस तीस वर्षे रात्रपाळी केली, त्यांच्याच घरांतून हा आक्षेप यावा, याचे मला दुःख होते.

मध्यरात्री रुग्णालयात मोबाइलवरून आपले पैसे भरले जातात, तेव्हा कोठेतरी कोणाची लेक जागी असते. पुढील स्थळ पाहताना एवढे स्मरणात ठेवावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.