कानाला सवय होते, काळजाला नाही



अचानक मोठा आवाज झाला की आपण म्हणतो, 'काळजात धस्स झालं', 'छातीत धडकी भरली'. आवाज ऐकतो कान, पण मराठी माणूस बोट ठेवतो ते छातीवर. हृदयरोगाचे अभ्यासक आज जे सांगतात, ते आपल्या बोलीला पूर्वीपासून ठाऊक होतं म्हणायचं.

वसई-विरार हा केळीच्या आणि पानवेलीच्या बागांचा मुलूख. आज त्याच्या पूर्वेकडून मुंबई-अहमदाबाद महामार्ग रात्रंदिवस धावतो. चिंचोटीहून कामणमार्गे भिवंडीकडे कंटेनर जातात. वसई, नालासोपारा, विरार या स्टेशनांबाहेर रिक्षा, बस आणि दुचाकी एकमेकींवर हॉर्न वाजवतात. रस्त्यालगतच्या इमारतीत कुणालाही विचारा, 'आवाजाचा त्रास होत नाही का?' उत्तर ठरलेलं: 'आता सवय झाली.'

या सवयीबद्दलच मला आज बोलायचं आहे.

कर्कश आवाज म्हणजे धोका, हे शरीराचं फार जुनं गणित आहे. आवाज आला की मेंदू इशारा देतो, रक्तात अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही द्रव्यं उतरतात, नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकसतात. हे क्वचित घडलं तर बिघडत नाही. पण रोज घडत राहिलं, तर वाढलेला रक्तदाब मुक्कामालाच येतो.

झोपेत रक्तदाब उतरतो. हृदयाची तीच विश्रांती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लंडनच्या हीथ्रोसह युरोपातल्या चार विमानतळांजवळ राहणाऱ्या १४० जणांचा रक्तदाब ते घरी झोपलेले असताना मोजला गेला. विमानाचा आवाज आला की तो वाढे, झोपमोड झाली नाही तरीही! रस्त्यावरच्या वाहनांच्या आवाजानेही तेच घडत होतं. सकाळी माणूस म्हणतो, छान झोप लागली. हृदयाने मात्र रात्रपाळी केलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. वाहतुकीचा आवाज सरासरी ५३ डेसिबलच्या खाली असावा, असं त्या सांगतात. त्यापुढे दर १० डेसिबलमागे हृदयाच्या रक्तपुरवठ्याशी संबंधित आजाराचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. तंबाखू आणि मधुमेह यांच्यापुढे हा आकडा लहान वाटेल. पण तंबाखू माणसाला सोडता येते, घरासमोरचा रस्ता सोडता येत नाही. आणि २०११ च्या जनगणनेतच या शहराने १२ लाखांचा आकडा ओलांडला होता.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. २०१० मध्ये त्यात भर पडली: रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात, आणि शांतता क्षेत्रात केव्हाही, आणीबाणीखेरीज हॉर्न वाजवायचाच नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्याला पहिल्या वेळी १,००० रुपये दंड ठेवला. हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे?

आवाजाचा विषय निघाला की आपल्याकडे वाद पेटतो तो भोंग्यांवर. भोंगा मशिदीवरचा असो वा मांडवातला, नियम पाळलाच पाहिजे, हे मी मुसलमान म्हणून आधी सांगतो. पण हॉर्नला ना जात, ना धर्म. म्हणून त्याच्याविरुद्ध कुणी मोर्चा काढत नाही, आणि तो रात्रभर वाजत राहतो.

महामार्ग आपण हलवू शकत नाही. पण घरात शक्य असेल तर झोपायची खोली रस्त्याच्या विरुद्ध बाजूला घेता येते. दवाखाना आणि शाळा यांच्याभोवतीच्या १०० मीटरांत शांतता क्षेत्राच्या पाट्या लावा, असा अर्ज सोसायटीला महापालिकेकडे करता येतो. रक्तदाब तपासायला गेल्यावर आपलं घर कुठल्या रस्त्यावर आहे, हे डॉक्टरांना सांगता येतं. आणि रात्री उशिरा घरी परतल्यावर वॉचमनला उठवायला हॉर्न दाबण्याऐवजी खाली उतरून फाटक वाजवता येतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी नुकतीच अँजिओप्लास्टी करून घरी आलेलं असतं. त्याला जाग येणार नाही कदाचित, पण त्याचं काळीज तो हॉर्न ऐकेल.