अकरावीचे विषय : भार किती आणि कोणता

(हुडको, भिलाई येथे माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दहावीचा निकाल लागला की भिलाईत घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : 'मॅथ्स घेतले की बायो?' हुडकोच्या चौकात तो विचारला जातो, सिव्हिक सेंटरमधील शिकवण्यांच्या जिन्यावर विचारला जातो, सकाळची पाळी संपवून दोन वाजता कारखान्याबाहेर पडणारे वडीलही एकमेकांना तोच विचारतात. प्रश्न चार शब्दांचा. त्याच्या उत्तराचे ओझे मात्र पंधरा-सोळा वर्षांचे मूल पुढे दोन वर्षे रोज वाहत असते.

सभागृहातील ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांना हा प्रश्न याहूनही लवकर सोडवावा लागला होता. मध्य प्रदेशात तेव्हा अकरावीपर्यंतची हायर सेकंडरी होती आणि शाखा नववीतच ठरत असे. 1952-53च्या मुदलियार आयोगाने ऐच्छिक विषयांचे सात गट सुचवले होते. मानव्यविद्या, विज्ञान, तंत्रशिक्षण, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान. कागदावर सात दारे होती, प्रत्यक्षात बहुतेक शाळांत दोन-तीनच उघडी असत. पुढे 1964-66च्या कोठारी आयोगाने दहा-अधिक-दोन-अधिक-तीन हा आकृतिबंध मांडला आणि निवडीचे वय दोन वर्षांनी पुढे गेले. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर शाखांमधील ताठर भिंतीच नकोत असे म्हटले आहे. भौतिकशास्त्राबरोबर इतिहास, गणिताबरोबर संगीत घेता यावे, ही कल्पना फार चांगली आहे. तथापि, ज्या शाळेत भौतिकशास्त्राला आणि इतिहासाला प्रत्येकी एकच शिक्षक आहे आणि दोघांचा तास एकाच वेळी आहे, तेथे भिंत वेळापत्रकात उभी राहते. म्हणून धोरण वाचून विषय ठरवू नयेत. ज्या शाळेत मूल जाणार तिचे वेळापत्रक आधी मागून घ्यावे.

आता भाराचा हिशेब. केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीत पाच विषय असतात आणि सहावा अतिरिक्त विषय घेण्याची मुभा असते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, इंग्रजी आणि पाचवा एखादा विषय. त्यावर सहावे जीवशास्त्र. 'दोन्ही दारे उघडी राहू देत' असे म्हणून पुष्कळ पालक ही मांडणी पसंत करतात. आठवड्याचे तास असतात 168. आठ तासांच्या झोपेचे 56 गेले, सहा दिवसांच्या शाळेचे 36 गेले. स्नान, जेवण, जाणे-येणे यांना रोज तीन तास धरले तर आणखी 21. उरले 55. शिकवणी रोज चार तास, सहा दिवस, म्हणजे 24. उरले 31. घरी स्वतःच्या अभ्यासाला रोज चार तास धरले की 28 संपतात. तीन तास शिल्लक राहतात. या तीन तासांत खेळ, सण, आजारपण, आजीशी गप्पा आणि सहावा विषय बसवायचा असतो. तो तेथे बसत नाही. तो झोपेत घुसतो. आठाची झोप सहावर आणली की आठवड्याला चौदा तास मिळाल्यासारखे वाटतात. ते मिळालेले नसतात, उसने घेतलेले असतात, आणि फेड साधारण दिवाळीनंतर सुरू होते.

केंद्र शासनाच्या जानेवारी 2024च्या मार्गदर्शक सूचनांनीही शिकवणीवर दिवसाला पाच तासांची मर्यादा घातली आहे, आठवड्याची सुट्टी सांगितली आहे आणि सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये असे म्हटले आहे. कारखान्यात पाळ्या करणाऱ्या घरांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. रोज दुहेरी पाळी कोणीही करत नाही, आणि रात्रपाळी करून आलेल्या माणसाला घर दिवसा झोपू देते. त्याच घरात मुलाच्या दुहेरी पाळीचे कौतुक होते, हे थोडे विचित्रच म्हटले पाहिजे.

तरीही हलके विषय शोधत बसावे, असा याचा अर्थ नव्हे. उलट चूक दुसऱ्या टोकालाही होते, आणि ती कमी दिसते. केंद्रीय मंडळाने 2020च्या दहावीच्या परीक्षेपासून गणिताचे 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक' असे दोन स्तर केले. टक्केवारी वाढावी म्हणून चांगल्या मुलांनाही बेसिकचा अर्ज भरून दिला जातो. मूळ नियमाप्रमाणे बेसिक घेतलेल्या मुलाला अकरावीत नेहमीचे गणित घेता येत नाही. उपयोजित गणित घेता येते. मधल्या काही वर्षांत मंडळाने सवलत दिली, पण ती गृहीत धरून चालणे धोक्याचे आहे. दहावीतल्या चार-पाच गुणांसाठी एक मोठे दार बंद होते. एनडीएतून हवाई दल किंवा नौदलात जायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते, सांख्यिकी संस्थेच्या पदवीला गणित लागते, दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सलाही गणित लागते. वाणिज्य घेणाऱ्या मुलींना 'गणित कशाला, लेखाकर्म पुरे' असा सल्ला दिला जातो. तो प्रेमाने दिला जातो, पण चुकीचा असतो.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या हिशेबात आणखी एक विषय असतो. तो कोणत्याही गुणपत्रिकेत छापला जात नाही, म्हणून मोजलाही जात नाही. तो विषय म्हणजे भाषांतर. या शाळेतून बाहेर पडलेले मूल अकरावीला हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात बसते. नीट ही परीक्षा मराठीतही होते, पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवर मिळते. छत्तीसगडमधील मुलाला ती मिळत नाही. जेईई ॲडव्हान्स्डला तर हिंदी आणि इंग्रजी हेच पर्याय आहेत. म्हणजे त्याने कमावलेले शब्द त्याला बदलावेच लागतात.

देवनागरी लिपी एकच असल्यामुळे हिंदीतील बदल सोपा वाटतो, आणि फसगत तेथेच होते. मराठीतील गुणोत्तर हिंदीत अनुपात होते, अपूर्णांक भिन्न होतो, वर्तुळ वृत्त होते, त्रिकोण त्रिभुज होतो, ऊती ऊतक होते. मराठीत पेशी म्हणजे सजीवाचा मूलभूत घटक. हिंदीत त्याला कोशिका म्हणतात, आणि पेशी म्हटले की स्नायू. (न्यायालयातील हजेरीही पेशीच.) जीवशास्त्राच्या तासाला पहिल्या आठवड्यात ज्या मुलाच्या मनात हा गोंधळ उडतो, ते मूल बुद्धीने कमी नसते. त्याला फक्त एका शब्दासाठी दोनदा थांबावे लागते, आणि दोनदा थांबणारे मूल मागे पडल्यासारखे दिसते. म्हणून मराठी माध्यमातील मुलाने अकरावीच्या पहिल्या सहामाहीत सहावा विषय घेऊ नये, हे शिक्षकांचे सांगणे भित्रेपणाचे नाही. त्याचा सहावा विषय आधीच सुरू झालेला असतो.

दोन भाषांचे हे ओझे नेहमीच तोट्याचे असते असेही नाही. मराठी घरातील माधवराव सप्रे यांनी 1900मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक चालवले. येथून जवळच, राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात मराठी मातृभाषेचे गजानन माधव मुक्तिबोध शिकवत असत. जयंत नारळीकर वाढले बनारसमध्ये. वडील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या जाणकार. ते केंब्रिजला गेले ते गणितासाठी. पण 1974मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि पारितोषिक मिळवले. टोपणनावाची आद्याक्षरे स्वतःच्याच आद्याक्षरांची उलटापालट होती. पुढे 2021च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या घरात मराठी हा गुणांचा विषय नव्हता, ती घराची भाषा होती. महाराष्ट्रात आज अकरावी विज्ञानाला गेलेली असंख्य मुले मराठीऐवजी माहिती तंत्रज्ञान घेतात, कारण तेथे गुण अधिक पडतात. भिलाईच्या पालकांनी त्यांना दोष देण्यापूर्वी आपल्या घरात मराठी पुस्तक शेवटचे कधी उघडले गेले, ते आठवून पाहावे.

याच वस्तीतील एका मुलीची हकिकत येथे सांगण्याजोगी आहे. वडील रेल मिलमध्ये. दहावीला उत्तम गुण. तिने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतले, शिकवणी लावली, रविवारच्या चाचण्यांची वेगळी तुकडीही लावली. सहामाहीत रसायनशास्त्रात ती जेमतेम उत्तीर्ण झाली; डोकेदुखी रोजची झाली. जीवशास्त्र सोडावे, असे घरातील सर्वांनी ठरवले. शाळेतील तिच्या जुन्या शिक्षिकेने तिला एवढेच सांगितले की, एक आठवडा प्रत्येक तास लिहून काढ आणि कोणत्या तासाला घड्याळाकडे पाहिलेस तेही लिही. वही पाहिल्यावर निराळेच उघड झाले. जीवशास्त्राच्या तासाला तिने एकदाही घड्याळ पाहिले नव्हते. रविवारच्या तुकडीत मात्र दर दहा मिनिटांनी पाहिले होते, आणि शनिवारची झोपही त्या चाचणीच्या भीतीने जात होती. तुकडी सुटली, जीवशास्त्र राहिले. भरलेले शुल्क परत मिळाले नाही. वडील काही दिवस अबोल होते. ती आयआयटीत गेली नाही, वैद्यकीयलाही गेली नाही. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही लागतील अशा सांख्यिकीच्या शाखेत गेली आणि आता औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासण्याचे काम करते. हा निर्णय बरोबर ठरला की नाही, यावर तिच्या घरात आजही दोन मते आहेत.

तिच्या त्याच वहीच्या मागच्या पानांवर तीन रकाने होते : मराठी, हिंदी, इंग्रजी. पेशी, कोशिका, सेल. गुणोत्तर, अनुपात, रेशो. ती वही शाळेच्या ग्रंथालयात आहे. पुढच्या मुलांनी आपापल्या अक्षरांत तीत शब्द वाढवले आहेत. काही चुकीचेही लिहिले जातात. ते शिक्षिका लाल शाईने दुरुस्त करतात. दहावीनंतर ज्यांना ती हवी असेल त्यांना ती ग्रंथालयात बसून उतरवून घेता येईल. घरी नेता येणार नाही, कारण एकच प्रत आहे.