प्रबोधिनीची परीक्षा आणि घराचा वाटा

दहावीचा निकाल लागतो, मुलगा अकरावीत नाव घालतो, आणि एके दिवशी पानावर बसल्याबसल्या सांगून टाकतो की, त्यास खडकवासल्याच्या प्रबोधिनीत जावयाचे आहे. अलीकडे मुलीही असे सांगू लागल्या आहेत. ते ऐकून वडिलांस अभिमान वाटतो, आईच्या मनात चर्र होते, आणि दुसऱ्या दिवसापासून घर कामास लागते. शिकवणीवर्गांची चौकशी होते, पुस्तकांच्या याद्या येतात, दूरच्या नात्यातील एखाद्या निवृत्त सुभेदारास फोन केला जातो. ही सारी धडपड प्रेमापोटी असते, यात शंका नाही. परंतु या परीक्षेचे स्वरूप नीट पाहिले म्हणजे असे दिसून येते की, विकत मिळणारी मदत फार तर अर्ध्या वाटेपर्यंत पुरते. उरलेल्या वाटेची शिदोरी घरातच बांधावी लागते, आणि तीही बरीच आधीपासून.

प्रथम परीक्षेचीच ओळख करून घ्यावी. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते खडकवासला येथे बसविण्यात आली, आणि जानेवारी १९५५ मध्ये तिचे उद्घाटन झाले. भूदल, नौदल व वायुदल यांचे भावी अधिकारी येथे तीन वर्षे एकत्र राहून शिकतात; पुढील शिक्षण ज्याच्या त्याच्या दलाच्या प्रबोधिनीत होते. प्रवेशपरीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. बारावीत असलेला किंवा बारावी झालेला, साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या दरम्यानचा अविवाहित उमेदवार तीस बसू शकतो. भूदलासाठी कोणतीही शाखा चालते. नौदल व वायुदल यांसाठी मात्र पदार्थविज्ञान, रसायन व गणित हे विषय असावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिलेल्या आदेशामुळे हे दार मुलींनाही उघडले, आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या १७ मुली तेथील शिक्षण पुरे करून संचलनात मुलांच्या बरोबरीने बाहेर पडल्या.

लेखी परीक्षा ९०० गुणांची असते. त्यांपैकी ३०० गणिताचे आणि ६०० सामान्य क्षमतेचे; या ६०० मध्ये इंग्रजीचे २०० येतात. तीत निवडलेल्या उमेदवारांस सेवा निवड मंडळापुढे बोलावण्यात येते, आणि त्या मंडळाच्या हातीही ९०० गुण असतात. म्हणजे अर्धे गुण अभ्यासाचे झाले, तर अर्धे त्या उमेदवाराच्या घडणीचे. घराचा वाटा किती, हे या एका विभागणीवरून ध्यानात येईल.

अभ्यासाच्या आधी घराने एका प्रश्नाचा निकाल लावला पाहिजे. ही इच्छा कोणाची? स्वतः सैन्यात जाण्याची एखाद्या वडिलांची हौस राहून गेलेली असते, आणि ती नकळत मुलाच्या खांद्यावर चढते. कधी मुलगाच चित्रपटातील गणवेशास भुललेला असतो. याची पारख उपदेशाने होत नाही, माहितीने होते. सैन्यातील अधिकाऱ्याचा दिवस कसा जातो, बदल्या किती होतात, सणावारी घरापासून दूर राहणे म्हणजे काय, हे त्या वाटेने गेलेल्या माणसाकडून मुलास ऐकू द्यावे. धोक्याची बाजूही लपवू नये. प्रशिक्षणात गंभीर दुखापत होऊन काही छात्रांस कायमचे अपंगत्व घेऊन घरी परतावे लागले आहे, आणि त्यांच्या हलाखीची दखल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये आपण होऊन घेतली. आईच्या मनातील भीती निराधार नसते. तिने ती एकदा मोकळेपणी बोलून दाखवावी, मुलाने ती शांतपणे ऐकून घ्यावी, आणि त्यानंतरही त्याचा निश्चय टिकला तर तो विषय रोज जेवताना पुन्हा उकरून काढू नये. इतके झाले म्हणजे इच्छा कोणाची हे ठरते. मुलगा मागे फिरला, तर तेही चांगलेच झाले. त्यास भ्याड ठरविण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांची व शरीराची. मंडळाने शिफारस केल्यावर लष्करी वैद्यकीय तपासणी होते, आणि दोन वर्षे घासूनपुसून अभ्यास केलेला मुलगा तेथे अडल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. रंग ओळखण्यातील दोष बहुधा जन्मजात असतो. त्याचा घरच्या माणसांस पत्ताही नसतो. दृष्टी, तळपायांचा सपाटपणा, एकमेकांस घासणारे गुडघे, नाकातील पडद्याचा वाकडेपणा, कानांचे आरोग्य, उंचीच्या मानाने वजन, या साऱ्यांची तपासणी अकरावीच्या आरंभीच कुटुंबाच्या डॉक्टरांकडून करून घ्यावी. दलागणिक निकष वेगळे असतात; ते अधिकृत सूचनापत्रांत छापलेले असून ते पालकांनी स्वतः वाचावे, ऐकीव गोष्टींवर विसंबू नये. काही दोष उपचाराने जातात, त्यांस वेळ मिळतो. जे जात नाहीत ते लवकर कळलेले बरे. एखादी शाखा मिटली तरी दुसरीचा विचार करता येतो.

आता अभ्यास. बारावीच्या परीक्षेत शेकडा नव्वद गुण पाहण्याची सवय झालेल्या घरास या परीक्षेचे आकडे प्रथम चमत्कारिक वाटतात. २०२२ च्या पहिल्या परीक्षेत लेखी भागाची अंतिम मर्यादा ९०० पैकी ३६० होती, आणि २०२३ च्या पहिल्या परीक्षेत ती ३०१ होती. शिवाय प्रत्येक विषयात ठरावीक किमान गुण मिळवावे लागतात. सराव परीक्षेत मुलास ४० टक्के मिळाले म्हणून ज्या घरी सुतकी कळा पसरते, तेथे मोजमापच चुकलेले असते. गणिताचे १२० प्रश्न १५० मिनिटांत सोडवावयाचे असतात, म्हणजे एका प्रश्नास सव्वा मिनिट मिळते. आणि चुकीच्या उत्तरास त्या प्रश्नाच्या गुणांचा तिसरा हिस्सा कापला जातो. तेव्हा येथे सगळे येण्यापेक्षा काय सोडून द्यावे हे कळण्यास महत्त्व अधिक. पालकांनी “किती गुण पडले” असे विचारण्याऐवजी “कोणते प्रश्न सोडलेस, आणि का” असे विचारावे. त्यांस स्वतःस कलनशास्त्र येत नसले तरी हा प्रश्न विचारता येतो, आणि मुलास उत्तर देताना स्वतःची चूक आपोआप दिसते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांपुढे भाषेची अडचण असते, कारण प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदी याच भाषांत निघतात. या अडचणीवर घरगुती उपाय आहे, तो असा. रोज एक इंग्रजी वर्तमानपत्र घरी यावे, आणि ते केवळ मुलाने नव्हे, तर सर्वांनी वाचावे. रात्री जेवणाच्या वेळी त्यातील एका बातमीवर पाव तास बोलणे व्हावे. बोलणे मराठीत झाले तरी चालेल. मुलाचे मत वडिलांच्या मताविरुद्ध गेले तर त्यास गप्प बसवू नये, उलट त्याची कारणे विचारावीत. चालू घडामोडींची जाडजूड टिपणे पाठ करून जे साधत नाही, ते अशा गप्पांनी साधते. मंडळापुढे हिंदीत बोलण्याचीही मुभा असते. परंतु ज्यास घरी मत मांडण्याचीच सवय नाही, त्याची जीभ कोणत्याही भाषेत अडखळणारच.

निवड मंडळाची परीक्षा पाच दिवसांची असते. भोपाळ, प्रयागराज, बंगळुरू अशा ठिकाणी तिची केंद्रे आहेत. पहिल्याच दिवशी चाळणी होऊन कित्येक उमेदवार परत पाठविले जातात. पुढील दिवसांत चित्र पाहून गोष्ट लिहावयाची, पंधरा पंधरा सेकंदांत एकेका शब्दावर मनात येईल ते वाक्य लिहावयाचे, सोबत्यांबरोबर दोर, फळ्या व पिंपे घेऊन अडथळे ओलांडावयाचे, आणि एका अधिकाऱ्यापुढे बसून स्वतःविषयी बोलावयाचे. मानसशास्त्रज्ञ, गटचाचणीचे अधिकारी व मुलाखत घेणारे अधिकारी तिघेही निरनिराळ्या बाजूंनी एकच गोष्ट तपासतात: या तरुणाच्या हाती माणसे सोपवावीत काय? जबाबदारीची जाणीव, पुढाकार, सहकार्य, चटकन निर्णय घेण्याची ताकद असे पंधरा गुण ते पाहतात.

या चाचण्यांत एक लेखी चाचणी अशी आहे की, तीत उमेदवारास स्वतःचे वर्णन करावयाचे असते. आणि त्यात आपल्या आईवडिलांचे आपल्याविषयी मत काय, हे लिहावयाचे असते. येथे शिकवणीवर्गात घोकलेले उत्तर फारसे उपयोगी पडत नाही, कारण उरलेल्या चार दिवसांतील त्याचे वागणे त्या उत्तराच्या शेजारी ठेवून पाहिले जाते. ज्या मुलाने घरी “तुझ्याने काही व्हायचे नाही” एवढेच ऐकलेले असते, किंवा उलट “आमचा बाळ म्हणजे हिराच” एवढेच ऐकलेले असते, त्याच्याजवळ लिहिण्यासारखे खरे काही नसते. आईवडिलांनी त्याचे दोष व गुण दोन्ही ओळखावेत आणि ते स्पष्ट परंतु मायेने त्यास सांगावेत, ही त्यांनी करावयाची फार मोठी तयारी होय.

तशीच जबाबदारीची गोष्ट. परीक्षा जवळ आली म्हणून कित्येक घरी मुलास पाण्याचा पेलाही हाती दिला जातो. त्याचे कपडे आई घडी करते, अर्ज वडील भरतात, तारखा बहीण लक्षात ठेवते. असा मुलगा गणितात पहिला आला तरी मंडळापुढे त्याचे परावलंबन उघडे पडते. कारण घरात तुझ्याकडे कोणते काम आहे, खर्चाचे पैसे कसे वापरतोस, असे प्रश्न मुलाखतीत सर्रास विचारले जातात. यास्तव घरातील एकदोन कामे पूर्णपणे त्याच्याकडे सोपवावीत. वीजबिल मुदतीत भरणे असो, आजीस दवाखान्यात नेणे असो, किंवा धाकट्या भावंडाचा अभ्यास घेणे असो, ते काम त्याचेच राहावे. तो विसरला तर दंड भरू द्यावा. वडिलांनी मागून धावत जाऊन सावरू नये. परीक्षेचा अर्ज त्यानेच भरावा, प्रवासाचे आरक्षण त्यानेच करावे, आणि भोपाळास किंवा बंगळुरास त्याने एकट्याने जावे. पहाटे उठून धावणे, मैदानावर सांघिक खेळ खेळणे, हेही रोजच्या क्रमात हवे. गटात कसे वागावे हे बंद खोलीतील पुस्तकांस शिकविता येत नाही.

शेवटी अपयशाचा विचार. प्रत्येक खेपेस जागा सुमारे ४०० असतात आणि अर्जदार लाखांत असतात. तेव्हा उत्तम तयारी केलेल्यांपैकीही बहुतेक मुले निवडली जात नाहीत, हे आरंभीच घरातील सर्वांनी उघड उघड मान्य करावे. प्रयत्नांच्या संख्येस बंधन नाही, वयाचेच आहे. त्यामुळे पुन्हा बसता येते. शिवाय पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेचा मार्ग मोकळा असतो, आणि त्या वाटेने गेलेला अधिकारी कमी दर्जाचा ठरत नाही. म्हणून बारावीचा अभ्यास कधीही वाऱ्यावर सोडू देऊ नये, आणि पदवीचा प्रवेशही वेळेवर घ्यावा. दुसरी वाट तयार ठेवणे म्हणजे पहिलीवर अविश्वास दाखविणे नव्हे; माघारीचा रस्ता पाहून ठेवणे हे सेनापतीचेही कर्तव्यच असते.

मंडळाकडून परत आलेल्या मुलाचे स्वागत घरात कसे होते, यावर पुष्कळ अवलंबून आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांस आधीच बातमी सांगून ठेवलेली असली तर त्याचे ओझे दुप्पट होते. म्हणून निकालापर्यंत गाजावाजा टाळावा. तो आल्यावर खर्चाचा हिशेब काढू नये, कोणाच्या मुलाशी तुलना करू नये. त्यास दोन दिवस झोपू द्यावे, जेवू घालावे, आणि तो आपण होऊन बोलू लागला म्हणजे ऐकावे. मग पुन्हा बसावयाचे की दुसरी वाट धरावयाची, हा निर्णय त्याचा त्यास घेऊ द्यावा. दोन वर्षांत लागलेली पहाटे उठण्याची, वेळ पाळण्याची, सोपविलेले काम तडीस नेण्याची सवय त्याने धरलेल्या कोणत्याही वाटेवर त्याच्या उपयोगी पडेल.