देवदूत

देवदूत म्हटला कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें नाताळच्या चित्रांतील शुभ्र पंखांचें गोजिरवाणें बाळ उभें राहतें. वस्तुतः ह्या शब्दांत पंख कोठेंच नाहींत. हिब्रूंतील 'मलाख', अरबींतील 'मलक' आणि ग्रीकांतील 'आंगेलोस' ह्या तिहींचा मूळ अर्थ निरोप्या, जासूद. फारसींतला 'फरिश्ता' म्हणजेहि पाठविलेला.

लूकच्या शुभवर्तमानांत गॅब्रिएल मरियेला पुत्रजन्माची वार्ता देतो; इस्लामांत तोच जिब्रील होऊन पैगंबरांकडे कुराणाचे शब्द आणतो. प्रत्येक माणसाची बरींवाईट कृत्यें दोन फरिश्ते लिहीत असतात, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. आपल्याकडे हें सारें खातें एकट्या चित्रगुप्तावर; त्याच्या हिशेबाला विलंब होत असल्यास नवल नाहीं! मृत्यूनंतरच्या पहिल्या तीन रात्रीं आत्म्याचें रक्षण करावें म्हणून पारशी बांधव सरोशाला आळवितात. भागवतांतील अजामिळाच्या अंथरुणापाशीं तर यमदूत व विष्णुदूत यांचा चांगलाच वाद जुंपतो.

रक्षण करणारा असा एक देवयोनींतला सेवक आमच्या भंडारा जिल्ह्यांतहि आहे. वैनगंगेकांठच्या पवनी येथें जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनीं उत्खनन केलें, तेव्हां दोन हजार वर्षांपूर्वींच्या एका मोठ्या बौद्ध स्तूपाचे अवशेष हातीं आले. तेथल्या एका स्तंभावर नागराज मुचलिंद फणा उभारून आहे. ब्राह्मी अक्षरांत त्याचें नांवहि कोरलेलें आहे. ज्ञानप्राप्तीनंतर सात दिवस वादळपाऊस झाला, तेव्हां ह्यानेंच बुद्धावर छत्र धरलें, अशी कथा आहे.

मुचलिंदाला कोणी देवदूत म्हणत नाहीं. पण ज्या धर्माचा हा स्तूप, त्याच्या पाली ग्रंथांत 'देवदूत' हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ प्रथम वाचला तेव्हां मी दचकलों. मज्झिमनिकायांतील देवदूतसुत्तांत यमराज मेलेल्या पापी माणसाला विचारतो, "माझे दूत तुला दिसले नाहींत काय?" तो म्हणतो, नाहीं. मग यम एकेकाची ओळख देतो: स्वतःच्या मळांत लोळणारें तान्हें मूल, काठी टेकीत चालणारा वांकलेला म्हातारा, दुसऱ्यानें उठवून बसवावा लागणारा रोगी, राजदंड भोगणारा अपराधी, आणि प्रेत. माणूस कबूल करतो कीं हे सारे दिसले होते. ते दूत आहेत हें मात्र ध्यानांत आलें नाहीं.

माझी आत्या शेवटलीं दोन वर्षें अंथरुणाला खिळून होती. उठवून बसविल्याखेरीज तिला बसतां येत नसे. आमच्या भंडाऱ्याच्या घरीं पाहुणे आले कीं आम्ही तिच्या खोलीचें दार हळूच ओढून घेत असूं; वास येतो, बरें दिसत नाहीं, असें आम्ही एकमेकांना सांगत होतों. एके दिवशीं बैठक रंगांत आली असतां आंतून तिचा आवाज आला, "कोण आलंय रे?" पाहुण्यांनीं माझ्याकडे पाहिलें. मी उठलों आणि दार उघडलें.